काळ्या कातळावरची गुरुत्व आणि चुंबकीय मोजणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टने झाकलेला आहे आणि तो चुंबकीय विषुववृत्तापासून (जिथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आडवे असते त्या रेषेपासून) फार लांब नाही. या दोन गोष्टींमुळे कॅनडा-युरोपातल्या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकांतले ठोकताळे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. भूशास्त्राचे विद्यार्थी, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था आणि पहिल्यांदाच उपकरण हाती घेणारे फील्डमधले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दख्खनचा कातळ समोर ठेवून दिली आहेत.

ग्रॅव्हीमीटर आणि मॅग्नेटोमीटर नेमके काय मोजतात?

ग्रॅव्हीमीटर गुरुत्वीय त्वरणातला अगदी बारीक फरक मोजतो. एकक मिलीगॅल. १ मिलीगॅल म्हणजे ०.००००१ मीटर प्रति सेकंद वर्ग. पुण्याच्या अक्षांशावर, समुद्रसपाटीला सूत्राने येणारे मूल्य सुमारे ९,७८,५५३ मिलीगॅल असते आणि आपण शोधत असतो तो फरक बऱ्याचदा १ मिलीगॅलपेक्षाही लहान असतो. खालच्या खडकाची घनता जास्त तर मूल्य वर जाते, कमी तर खाली येते.

मॅग्नेटोमीटर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता नॅनोटेस्लामध्ये देतो. मुंबई-अलिबागच्या आसपास ती सुमारे ४३,५०० आहे. दक्षिण कोकणात त्याहून कमी, खानदेश-विदर्भाकडे जास्त. यातला फार मोठा वाटा पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून येतो. खडकांचा वाटा एरवी काही दहा ते काही शे नॅनोटेस्लांचा असतो, बेसाल्टवर मात्र तो सहज हजारांत जातो.

ग्रॅव्हीमीटरने एक स्टेशन घ्यायची पद्धत काय?

हातातले बहुतेक ग्रॅव्हीमीटर सापेक्ष असतात, म्हणजे एका जागेचा दुसऱ्या जागेशी फरक देतात. सिंट्रेक्स सीजी-५ हा क्वार्ट्झच्या स्प्रिंगचा, सुमारे ८ किलोचा मीटर आपल्याकडे बराच दिसतो. आकडा ०.००१ मिलीगॅलपर्यंत दिसतो, पण फील्डवर ०.००५ ते ०.०१ मिलीगॅलची खात्री मिळाली तरी काम चांगले झाले असे समजा.

जागा निवडताना उघडा कातळ किंवा दाबलेला मुरूम पाहा. नांगरलेल्या काळ्या मातीत तिपाई बसत जाते आणि रीडिंग सरकत राहते; तिथे जाड फरशीचा तुकडा खाली ठेवावा. तिपाई पक्की रोवा, मीटर ठेवा, दोन्ही दिशांची पातळी जुळवा. छत्री धरा, छत्री मीटरला ऊन लागू नये म्हणून असते आणि वारा अडवण्यासाठीही. पातळी जुळल्यावर एक-दोन मिनिटे थांबा, कारण वाहतुकीत हललेली स्प्रिंग लगेच शांत होत नाही. मग ६० सेकंदांची किमान ३ रीडिंग घ्या. लागोपाठच्या रीडिंगांत ०.००५ पेक्षा जास्त फरक असेल किंवा ती एकाच दिशेने सरकत असतील, तर आणखी थांबून पुन्हा घ्या. वेळ मिनिटापर्यंत लिहा आणि जमिनीपासून मीटरच्या तळाची उंची सेंटिमीटरमध्ये टिपा. ही शेवटची नोंद विसरली जाते आणि ३ सेंटिमीटरच्या चुकीला जवळजवळ ०.०१ मिलीगॅलची किंमत मोजावी लागते.

मीटर रात्रभर चार्जरवर, गरम अवस्थेत ठेवायचा. बॅटरी संपून सेन्सर थंड झाला तर तो पुन्हा स्थिर व्हायला एक-दोन दिवस जातात आणि त्या काळातली रीडिंग वापरता येत नाहीत.

ड्रिफ्ट म्हणजे काय आणि तो कसा काढायचा?

स्प्रिंग हळूहळू ताणली जाते, त्यामुळे एकाच जागेचे रीडिंग वेळेबरोबर बदलते. म्हणून दर २ ते ३ तासांनी बेस स्टेशनवर, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या एकाच जागी, परत यायचे. समजा बेसला सकाळी ९:०० ला २६३५.४१२ आणि ११:३० ला २६३५.४४८ आले. १५० मिनिटांत ०.०३६ वाढ. मग १०:१५ च्या स्टेशनमधून ०.०१८ वजा होईल.

त्याआधी चंद्र-सूर्याच्या ओढीचा, म्हणजे भरतीचा परिणाम काढलेला असला पाहिजे. तो दिवसभरात ०.३ मिलीगॅलपर्यंत हेलकावू शकतो. मीटर ही दुरुस्ती आपोआप करतो, पण त्यासाठी त्याला अक्षांश, रेखांश आणि जागतिक वेळेशी असलेला फरक बरोबर दिलेला हवा. भारतीय वेळेचा साडेपाच तासांचा फरक उलट्या चिन्हाने भरला गेला, तर दुरुस्ती चुकीच्या वेळेची होते आणि ड्रिफ्टची रेषा वाकडी दिसू लागते. ड्रिफ्ट सरळ रेषेत येत नसेल तर मीटरला दोष देण्यापूर्वी हे सेटिंग तपासा.

लूप (बेसपासून बेसपर्यंतची फेरी) संपताना बेसवर एकदम ०.०५ ची उडी दिसली, तर तो ड्रिफ्ट नसतो. वाटेत मीटरला धक्का बसलेला असतो. ही उडी सर्व स्टेशनांवर वाटून टाकू नका. मधली दोन स्टेशने पुन्हा घ्या आणि उडी कुठे झाली ते शोधा.

उंची किती अचूक लागते? मोबाइलमधला जीपीएस चालेल का?

नाही. उंचीच्या दर मीटरला गुरुत्व ०.३०८६ मिलीगॅलने घटते. मधल्या खडकाचा परिणाम धरला तरी निव्वळ फरक सुमारे ०.१९ मिलीगॅल प्रति मीटर उरतो. म्हणजे ०.०१ मिलीगॅल हवे असेल तर उंची ५ सेंटिमीटरपर्यंत माहीत हवी. मोबाइलची उंची १० मीटरने सहज चुकते, म्हणजे जवळजवळ २ मिलीगॅल, आणि शोधायची गोष्ट त्यातच बुडते. आरटीके जीपीएस (बेसच्या मदतीने सेंटिमीटरपर्यंत जागा देणारा) किंवा ऑटो लेव्हल, दोन्ही चालतात. घळीत किंवा दाट झाडीत आरटीकेचे फिक्स सुटते. तिथे लेव्हलच भरवशाची.

उत्तर-दक्षिण जागेबद्दल एवढी काळजी नको. आपल्या अक्षांशावर गुरुत्व दर किलोमीटरला साधारण ०.४९ मिलीगॅलने बदलते, म्हणून २० मीटरची चूक झाली तरी परिणाम ०.०१ चाच.

एक जुना घोटाळा: जीपीएस लंबवर्तुळाभापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची देतो, टोपोशीटवर असते ती समुद्रसपाटीपासूनची. महाराष्ट्रात या दोन पातळ्यांत साधारण ६० ते ७० मीटरचे अंतर आहे. अर्धी स्टेशने एका पद्धतीने आणि अर्धी दुसऱ्या पद्धतीने भरली, तर नकाशावर १२-१३ मिलीगॅलची सरळ पायरी उमटते. सुरुवातीला ती मोठ्या भ्रंशासारखी दिसते. अशी पायरी तुमच्या दोन फील्ड-सीझनच्या सीमेवर येत असेल, तर आधी उंचीचा रकाना उघडा.

जुन्या तक्त्यांशी जुळवताना आणखी एक गोष्ट बघायची. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय गुरुत्व-जाळ्यापूर्वीची मूल्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या पातळीवर आहेत आणि ती सुमारे १४ मिलीगॅलने जास्त आहेत.

बुगेर दुरुस्तीत (स्टेशन आणि समुद्रसपाटी यांच्या मधल्या खडकाची ओढ वजा करताना) २.६७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर हीच घनता वापरायची का?

प्रादेशिक नकाशा इतरांच्या नकाशांशी जोडायचा असेल तर हो. सगळे जण तीच वापरतात. पण एका तालुक्यापुरते, डोंगर-दऱ्यांत काम असेल तर नाही. दख्खनचा भरीव बेसाल्ट २.८ ते २.९५ असतो. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पोकळ्यांचा, झिओलाइटने भरलेला खडक २.४ ते २.६ पर्यंत उतरतो. २.६७ धरून ३०० मीटरच्या डोंगरावर चढलात आणि डोंगर खरोखर २.८५ चा असला, तर २ मिलीगॅलपेक्षा जास्त खोटी विसंगती तयार होते, आणि तिचा आकार डोंगराचाच असतो.

त्यावर सोपा उपाय आहे. एका सुट्या टेकडीवरून, पायथ्यापासून पलीकडच्या पायथ्यापर्यंत १५-२० स्टेशने घ्या. मग २.५ पासून ३.० पर्यंत, ०.०५ च्या टप्प्याने घनता बदलत आलेख काढा. ज्या घनतेला आलेख टेकडीसारखाही दिसत नाही आणि तिच्या उलटाही दिसत नाही, ती तुमची घनता. आपल्याकडे लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे असल्याने ही पद्धत चांगली लागू पडते. माथ्यावर जांभ्याचे टोपण असलेली टेकडी मात्र यासाठी घेऊ नका. जांभा हलका असतो आणि सरासरी बिघडवतो.

सह्याद्रीच्या कड्याजवळ काम करताना भूरूपाची दुरुस्ती किती मोठी असते?

कड्याच्या काठावर काही मिलीगॅलपासून दहाच्या वरही. समोरची दरी म्हणजे नसलेला खडक, बाजूचा डोंगर म्हणजे वरच्या बाजूने ओढणारा खडक. दोन्ही गुरुत्व कमीच करतात, म्हणून ही दुरुस्ती नेहमी धन असते. ऋण आली तर प्रोग्राममध्ये चूक आहे.

लांबच्या भागासाठी उपग्रहावरून मिळालेले ३० मीटरचे उंचीचे मॉडेल पुरते. जवळच्या ५० मीटरसाठी ते पुरत नाही, कारण त्यात १० मीटरचा बांध किंवा रस्त्याचा कापलेला काठ दिसतच नाही. तो भाग फील्डवर टेप आणि क्लायनोमीटरने (उतार मोजायच्या उपकरणाने) टिपून घ्यावा लागतो. त्याहून उत्तम म्हणजे स्टेशन काठापासून मागे घेणे. घाटरस्त्याच्या कठड्याशेजारी घेतलेले स्टेशन फक्त गाडी तिथे थांबवता येते म्हणून घेतलेले असते.

गुरुत्व मोजून दख्खन ट्रॅपची (बेसाल्टच्या थरांची) जाडी काढता येते का?

एकट्या गुरुत्वाने नाही. बेसाल्ट आणि त्याखालच्या ग्रॅनाइट-नाइस यांच्या घनतेत फरक ०.१५ ते ०.२ एवढाच. जाडी १०० मीटरने बदलली तर गुरुत्वात ०.६ ते ०.८ मिलीगॅलचा फरक पडतो. त्याच वेळी खालच्या पायाभूत खडकातले फरक आणि कवचाच्या जाडीतले बदल दहापट मोठे सिग्नल देत असतात. ते वेगळे करायला दुसरा पुरावा लागतोच.

कोयनेचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे. तिथे बुगेर नकाशावर मोठा खोलगट भाग दिसतो. १९७३ साली त्याचा अर्थ ट्रॅपखाली दडलेली खचदरी असा लावण्यात आला. कुर्डुवाडीजवळही तशीच एक खचदरी सुचवली गेली. आकडेमोड चुकीची नव्हती. हलक्या गाळाने भरलेली दरी तसाच आलेख देते. पण तसाच आलेख हलक्या पायाभूत खडकानेही मिळतो आणि खोलवर जाड झालेल्या कवचानेही. पुढे कोयना परिसरात वैज्ञानिक वेधन झाले. रासाटी इथल्या १,५२२ मीटरच्या विहिरीत सुमारे ९३२ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस. मध्ये गाळाचे थर नव्हते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या ६१७ मीटरच्या विहिरीत बेसाल्ट ३३८ मीटरच निघाला आणि त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळ. गुरुत्वाच्या आलेखावर रेखाटलेला कोणताही छेद वाचताना त्याला खालून आधार देणारी विहीर, भूकंपीय रेषा किंवा मॅग्नेटोटेल्युरिक मोजणी (जमिनीखालच्या खडकांची विद्युतवाहकता मोजणारी) आहे का, हे आधी पाहावे.

प्रोटॉन मॅग्नेटोमीटर कसा चालतो आणि फील्डवर काय सांभाळायचे?

बाटलीत केरोसीनसारखा हायड्रोजनयुक्त द्रव असतो, भोवती तारेचे वेटोळे. एक-दोन सेकंद करंट सोडला की प्रोटॉन एका दिशेला वळतात. करंट बंद झाला की ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती डुलत परततात. डुलण्याची वारंवारता मोजायची आणि २३.४८७२ ने गुणायची. ४३,५०० नॅनोटेस्लाला ती सुमारे १,८५२ हर्ट्झ येते. उपकरण ०.१ किंवा १ नॅनोटेस्लापर्यंत आकडा देते.

सेन्सर काठीवर २ ते ३ मीटर उंच धरा. जमिनीलगतच्या सुट्या धोंड्यांचा परिणाम उंचीबरोबर झपाट्याने कमी होतो आणि बेसाल्टवर तो कमी करणे गरजेचेच आहे. वेटोळ्याचा अक्ष क्षेत्राला काटकोनात हवा. आपल्याकडे क्षेत्र उत्तरेकडे, जरासे खाली झुकलेले असल्याने अक्ष पूर्व-पश्चिम ठेवायचा. सेन्सरवर बाण असतो. त्याची सूचना उच्च अक्षांशासाठी लिहिलेली नाही ना, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

काठी धरणाऱ्याच्या अंगावर लोखंड नको: बेल्टचे बक्कल, चाव्या, खिळ्यांचे बूट, मोबाइल, लोखंडी फ्रेमचा चष्मा, जिऑलॉजिकल हातोडी. हातोडीने नमुना फोडणारा सोबती किमान १० मीटर दूर. गाडी ३० ते ५० मीटर दूर. विजेच्या मोठ्या लाइनखाली सिग्नलमध्ये गोंगाट घुसतो, आणि बोअरवेलच्या लोखंडी केसिंगभोवती १५-२० मीटरपर्यंत आकडा बिघडतो. महाराष्ट्रात अशी केसिंग शेताशेतांत आहेत, त्यामुळे ओळ आखण्यापूर्वी शेतकऱ्याला विचारून बंद पडलेल्या बोअरसुद्धा नकाशावर मांडा.

प्रत्येक ठिकाणी २-३ रीडिंग घ्या. ती १ नॅनोटेस्लाच्या आत जुळली पाहिजेत. दहा-वीसचा फरक येत असेल तर सेन्सर हलतो आहे, बॅटरी उतरली आहे किंवा तिथला उतार फार तीव्र आहे. डोंगरमाथ्यावर वीज पडलेल्या कातळावर काही मीटरच्या अंतरात हजारो नॅनोटेस्लांचा फरक पडतो. प्रोटॉनचा सिग्नल तिथे विझतो आणि आकडाच येत नाही. अशी जागा सोडून द्यायची आणि वहीत तसे लिहायचे.

बेस मॅग्नेटोमीटर खरोखर लागतो का?

लागतो. शांत दिवशीही सूर्यामुळे आयनांबरात वाहणाऱ्या प्रवाहांनी क्षेत्र सकाळपासून चढते, दुपारच्या सुमारास शिखर गाठते आणि संध्याकाळी उतरते. अलिबागच्या अक्षांशावर हा चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचा असतो. तिरुनेलवेलीकडे, चुंबकीय विषुववृत्तावर, विषुववृत्तीय विद्युत्‌झोतामुळे तो शंभराच्या घरात जातो. दुसरे उपकरण झाडाच्या सावलीत, रस्त्यापासून दूर, १० ते ३० सेकंदांच्या अंतराने नोंद करत ठेवा आणि दोन्ही घड्याळे सकाळी जुळवा. एकच उपकरण असेल तर दर ३०-४० मिनिटांनी बेसला परत या. सकाळी १० ते दुपारी २ मध्ये बदल वेगाने होतो, तेव्हा २० मिनिटांनी.

चुंबकीय वादळ आले तर काय करायचे?

काम थांबवायचे. सकाळी निघण्यापूर्वी केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ ० ते ९ मध्ये सांगणारा आकडा) पाहा. ५ किंवा जास्त असेल तर त्या दिवशी नकाशे, केसिंग आणि उंचीची कामे उरका. वादळात क्षेत्र मिनिटागणिक बदलते आणि १० किलोमीटरवरचा बेसही ते नीट पकडत नाही. १०-११ मे २०२४ चे वादळ इतके तीव्र होते की लडाखमधल्या हानलेहून आकाशातली लाल ज्योत कॅमेऱ्यात टिपली गेली.

सर्वात मोठे नोंदले गेलेले उदाहरण मात्र मुंबईचे आहे. सप्टेंबर १८५९ च्या वादळात, ज्याला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टन यांच्या नावाने ओळखतात, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आलेला नोंदवला गेला. आज जगभरात त्या वादळाची तीव्रता ठरवताना ही नोंद समोर ठेवली जाते.

कुलाब्याची वेधशाळा अलिबागला का गेली?

विजेच्या ट्राममुळे. कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये सुरू केली आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. मुंबईत विजेवरची ट्राम येणार हे ठरल्यावर तिच्या प्रवाहाने नोंदी निकामी होतील हे स्पष्ट झाले. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागची जागा तयार झाली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, त्यामुळे कुलाब्याची मालिका अलिबागला जोडता आली आणि आज ती पावणेदोनशे वर्षांहून लांब आहे. जगात अशा मालिका मोजक्याच आहेत. इमारतीसाठी इथला काळा दगड वापरला नाही, कारण तो स्वतःच चुंबकीय आहे. पोरबंदरचा दगड आणला. नवे बेस स्टेशन बांधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: बेसाल्टच्या खडीचे काँक्रीट आणि लोखंडी सळई, दोन्ही चबुतऱ्यात नकोत. वेधशाळा आता पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

आमच्या नकाशावर खडकाच्या डोक्यावर उंचवटा दिसत नाही, बाजूला खड्डा दिसतो. मोजणी चुकली का?

बहुधा नाही. पुस्तकातला सरळ उंचवटा ध्रुवाजवळचा असतो. अलिबागला क्षेत्र क्षितिजाशी साधारण २६ अंशांनी झुकलेले आहे, दक्षिण कोकणात विशीच्या आसपास, नागपूरकडे तिशीच्या आसपास. अशा ठिकाणी चुंबकीय वस्तूच्या दक्षिणेला उंचवटा आणि उत्तरेला त्याहून ठळक खड्डा येतो. वस्तू या दोघांच्या मध्ये, उताराखाली असते. उंचवट्यावर बोअर मारली तर ती चुकीच्या जागी पडेल.

संगणकावर नकाशा ध्रुवावर नेल्यासारखा करता येतो, पण २० अंशांखाली ती प्रक्रिया उत्तर-दक्षिण पट्ट्यांचा गोंगाट फुगवते. तिथे ॲनॅलिटिक सिग्नल बरा; तो खडकाच्या कडांवर शिखर देतो आणि झुकण्याच्या दिशेवर कमी अवलंबून असतो.

दिशेचा परिणामही मोठा आहे. उत्तर-दक्षिण पसरलेली उभी भिंत क्षेत्राला जवळजवळ समांतर असते, त्यामुळे तिचा प्रेरित सिग्नल तशाच पूर्व-पश्चिम भिंतीच्या तुलनेत साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो. कोकणपट्टीतल्या उत्तर-दक्षिण डाईक (थरांना छेदणाऱ्या बेसाल्टच्या उभ्या भिंती) म्हणूनच काही ठिकाणी नकाशातून निसटतात.

बेसाल्टचे ‘उलटे’ चुंबकत्व म्हणजे काय?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा खडकात गोठली. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या होत्या: भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि बराच काळ पृथ्वीचे ध्रुव उलटे होते. पश्चिम घाटातल्या खालच्या थरांत हे चुंबकत्व आग्नेयेकडे आणि खाली झुकलेले सापडते. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत ते वायव्येकडे आणि वर वळलेले आहे, कारण तोवर ध्रुव पालटले होते.

इथल्या बेसाल्टमध्ये हा गोठलेला वाटा आजच्या क्षेत्राने प्रेरित केलेल्या वाट्यापेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो. म्हणून फक्त ग्रहणक्षमता (आजच्या क्षेत्रात खडक किती चुंबकित होतो ते) मोजून मॉडेल करू नका. दिशा खुणावलेले नमुने घ्या, प्रयोगशाळेत गोठलेली दिशा काढा आणि मगच मॉडेलमध्ये घाला. नमुना फोडण्यापूर्वी त्यावर उत्तर दिशा आणि उतार कोरावा. ती सूर्याच्या दिशेवरून घेतली तर सर्वात चांगले, कारण बेसाल्टच्या कड्याला टेकवलेले होकायंत्र काही अंशांनी फसते.

मॅग्नेटोमीटरने विहिरीचे पाणी सापडते का?

पाण्याला चुंबकत्व नाही, म्हणून पाणी थेट दिसत नाही. दिसते ती डाईक, म्हणजे थरांना छेदून उभी राहिलेली बेसाल्टची भिंत. नंदुरबार-धुळे भागात अशा डाईक शेकडोंनी आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिमेच्या जवळपास पसरलेल्या. डाईक भरीव असेल तर भूजल अडवते आणि चढाच्या बाजूला पाणी साठते. तडकलेली असेल तर तीच पाण्याची वाट होते. कोणती कशी आहे हे मॅग्नेटोमीटर सांगत नाही, ते रेझिस्टिव्हिटी (जमिनीच्या विद्युत रोधाची मोजणी) आणि आसपासच्या विहिरींची पातळी सांगते.

मोजणीच्या रेषा डाईकला काटकोनात, म्हणजे तिथे उत्तर-दक्षिण आखा. रेषेवरचे स्टेशन ५ मीटरवर, रेषांमधले अंतर ५० मीटर. शेजारच्या ३-४ रेषांवर तोच आकार ओळीने सरकत गेला तर ती डाईक. एकाच रेषेवर दिसला तर आधी केसिंग, पाइप किंवा पुरलेला पत्रा शोधा. ‘मशीनने पाणी दाखवतो’ म्हणून फक्त मॅग्नेटोमीटर फिरवून जागा देणाऱ्याकडून रेषांचे आलेख मागा. आलेख नसतील तर त्या जागेवर पैसे घालू नका.

किल्ल्याखालचे भुयार किंवा पोकळी गुरुत्वाने सापडेल?

मोठी आणि उथळ असेल तर. २ मीटर त्रिज्येचे रिकामे भुयार २.८ घनतेच्या कातळात ५ मीटर खोल असेल, तर नेमके वर ०.०९ मिलीगॅलचा खड्डा येतो. १० मीटर खोल असेल तर ०.०४७. पहिले चांगल्या मीटरने स्पष्ट दिसते, दुसरे कसेबसे. १ मीटर त्रिज्येचे आणि १० मीटर खोलीचे ०.०१२ देते, ते सोडून द्या. स्टेशने २ मीटरवर, उंची सेंटिमीटरपर्यंत, आणि तटबंदीच्या भिंतीचे वस्तुमान भूरूपाच्या दुरुस्तीत धरलेले हवे. लांब भुयारासाठी खोलीचा अंदाज सोपा आहे: खड्डा निम्मा होतो त्या जागेचे मध्यापासूनचे अंतर म्हणजेच भुयाराच्या मध्याची खोली. संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

पावसाळ्यात काम करता येईल का?

चुंबकीय मोजणी करता येते, चिखल आणि विजा सांभाळून. गुरुत्वासाठी कोकणात जून ते सप्टेंबर टाळाच. खवळलेल्या समुद्राच्या लाटांनी जमीन सतत सूक्ष्मपणे थरथरते आणि रीडिंगमधला गोंगाट वाढतो. शिवाय पाण्याची पातळी चढते. सच्छिद्रता २ टक्के धरली आणि पातळी १० मीटर वर आली, तर गुरुत्व सुमारे ०.००८ मिलीगॅलने वाढते. साध्या नकाशासाठी हे नगण्य आहे. पण एकाच जागी वर्षभर भूजल मोजणाऱ्यांना हाच आकडा हवा असतो.

उपग्रहांचा डेटा फुकट मिळतो, मग पायपीट कशाला?

ग्रेस हे जोड-उपग्रह (२००२ ते २०१७) आणि २०१८ पासूनचे त्यांचे वारसदार एकमेकांमधले सुमारे २२० किलोमीटरचे अंतर मोजून गुरुत्वातले बदल टिपतात. त्यांची नजर साधारण ३०० किलोमीटरची. वायव्य भारतातले घटणारे भूजल त्यातून दिसले. तुमच्या गावाचे दिसणार नाही. गावाच्या नावाने ग्रेसचा आलेख दाखवला जात असेल, तर तो खरे तर अर्ध्या राज्याची सरासरी असतो. चुंबकीय क्षेत्रासाठी २०१३ पासून स्वार्म हे तीन उपग्रह आहेत. पृथ्वीच्या मुख्य क्षेत्राचे आंतरराष्ट्रीय मॉडेल दर ५ वर्षांनी नवे होते, त्यात त्यांचा मोठा वाटा असतो. फील्डच्या आकड्यांतून मुख्य क्षेत्र वजा करताना चालू आवृत्तीच वापरा आणि तिचे वर्ष अहवालात लिहा.

मोबाइलच्या सेन्सरने शाळेत काही दाखवता येईल का?

चुंबकीय बाजू, हो. ॲपमध्ये आकडा मायक्रोटेस्लात येतो. मोकळ्या मैदानात ४३ ते ४५ च्या आसपास दिसायला हवा. ६० किंवा २५ दिसत असेल तर कव्हरमधले चुंबक काढा आणि फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा. मग काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीजवळून, दर २० सेंटिमीटरवर फोनची दिशा तीच ठेवून आकडे लिहा. दगडागणिक फरक दिसेल. फोनची नजर काही शे नॅनोटेस्लांची आहे, सर्वेक्षणाला तो उपयोगी नाही. गुरुत्वाची बाजू दाखवता येत नाही, कारण फोनमधल्या त्वरणमापीची चूक हजारो मिलीगॅलची असते. त्याऐवजी दोरी आणि वजनाचा १ मीटरचा लंबक घ्या, १०० हेलकावे मोजा. काळजीपूर्वक केले तर ९.७८ च्या जवळ उत्तर येते.

तयार नकाशे आणि आकडे कुठे मिळतात?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर गुरुत्व आणि चुंबकीय नकाशांचे थर पाहता येतात. अलिबागच्या नोंदी भूचुंबकत्व संस्थेकडून आणि आंतरराष्ट्रीय डेटा केंद्रांतून मिळतात. डेटा उतरवला की प्रथम चार गोष्टी तपासा: उंची कोणत्या पातळीपासूनची, घनता कोणती धरली, भूरूपाची दुरुस्ती केली आहे का, आणि गुरुत्वाची मूल्ये १९७१ पूर्वीच्या पातळीवरची तर नाहीत ना. यातले एक जरी उत्तर फाइलमध्ये नसेल, तर तुमची दोन-तीन स्टेशने त्यांच्याच जुन्या बिंदूंवर घेऊन फरक काढा.